मेरोपेनेम घटलं की नुसता आकडा? अँटिबायोटिकचा वापर मोजताना या चुका टाळा

अँटिबायोटिक समितीच्या बैठकीत आलेखाची रेघ खाली आली की सगळ्यांचे चेहरे खुलतात. ती कशामुळे उतरली, हे आधी तपासा.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक औषधाचा प्रौढांसाठीचा सरासरी दैनिक डोस ठरवलेला आहे, त्याला डीडीडी म्हणतात. मेरोपेनेम या ताकदवान अँटिबायोटिकचा डीडीडी 2019 पासून 2 ऐवजी 3 ग्रॅम झाला. समजा, आयसीयूत महिन्याचे 400 रुग्णदिवस (एक रुग्ण एक दिवस भरती म्हणजे एक रुग्णदिवस) भरले आणि 600 ग्रॅम मेरोपेनेम लागलं. जुन्या हिशेबाने हजार रुग्णदिवसांमागे 750 डीडीडी, नव्याने 500. एकही इंजेक्शन कमी न देता वापर एक तृतीयांशाने 'घटला'! जुन्या एक्सेल फाइलमध्ये मधूनच नवं मूल्य घातलं तर हे हमखास होतं. मूल्य बदललं की मागची वर्षंही नव्या मूल्यानेच मोजा.

किडनीच्या रुग्णाला डोस कमी करून रोज 1 ग्रॅमच दिलं, तर डीडीडीत तो एक तृतीयांश रुग्ण ठरतो. मुलांच्या वॉर्डात तर डीडीडी नकोच. तिथे डीओटी, म्हणजे उपचाराचे दिवस मोजा: डोस कितीही असो, त्या दिवशी औषध मिळालं की एक, दोन औषधं मिळाली की दोन.

हे दिवस फार्मसीच्या इंडेंटवरून (वॉर्डाच्या औषध-मागणीपत्रावरून) काढू नका. वॉर्डातून परत आलेल्या व्हायल त्यातून बऱ्याचदा वजा होत नाहीत आणि नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेल्या त्यात नसतातच. सिस्टर डोस देऊन सही करतात, तो कागद खरा. काम कंटाळवाणं आहे. रोज जमत नसेल तर एक दिवस ठरवून सगळे वॉर्ड पालथे घाला. आणि रुग्णदिवसांत डायलिसिस, डे-केअरची माणसं मिसळू नका, भाजक फुगून दर आपोआप उतरतो.

मेरोपेनेमला परवानगीचा फॉर्म लावला की कोलिस्टिन वाढलं का, तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मेरोपेनेम 'वॉच' म्हणजे जपून वापरायच्या गटातलं, कोलिस्टिन 'रिझर्व्ह' म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या गटातलं. एकाला आवळून दुसरं सुटलं, तर फॉर्मचा उपयोग काय?

आयसीयूवर सगळी ताकद लावण्याआधी, माझ्या मते, सर्जरीचे वॉर्ड धरावेत. संसर्ग टाळण्यासाठीचा डोस चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यायचा असतो आणि बहुतेक ऑपरेशनांना तेवढाच पुरतो. तरी 'ड्रेन (जखमेतला स्राव काढणारी नळी) आहे ना' म्हणून पाच-पाच दिवस इंजेक्शनं चालू राहतात. तसंच मेरोपेनेमच्या जोडीला दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल. ते ज्यांच्यासाठी देतात, ते ऑक्सिजनविना वाढणारे जंतू मेरोपेनेम एकट्याने मारतं. मोजके अपवाद सोडले तर ही जोडी खोडायला सर्जनशी वाद घालावा लागत नाही, राउंडला विचारलं तरी पुरतं.

48 ते 72 तासांनी औषधाचा फेरविचार करा, असं प्रत्येक धोरणात लिहिलेलं असतं. तो अडतो कल्चरवर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीवर. नमुना पहिल्या डोसनंतर गेलेला असतो, नाहीतर रिपोर्ट शनिवारी तयार होऊन सोमवारी फाइलला लागतो. तेव्हा रिपोर्ट निघाला की लॅबमधूनच रेसिडेंटला फोन लावायची सोय करा.