सेव्हच्या नादी लागू नका : ओओटीपीमधलं बुलपेन

आउट ऑफ द पार्क बेसबॉल, म्हणजे आपलं ओओटीपी, हा बेसबॉल संघ चालवण्याचा कॉम्प्युटर गेम नव्याने खेळणारे बहुतेक जण लाइनअप शिकतात, ट्रेडमध्ये रमतात आणि बुलपेन, म्हणजे मधेच बदली येणाऱ्या पिचरांची (रिलीव्हरांची) फळी, आहे तसं सोडून देतात. मग जून उजाडला की विचारतात, नऊपैकी सहाव्या इनिंगपर्यंत हातात असलेले सामने जातात कुठे? पिचरचं स्टफ (फलंदाजाला चकवण्याची ताकद), मूव्हमेंट, कंट्रोल कुठे बघायचं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो आणि थेट दुखण्यावर येतो.

दुखणं म्हणजे सेव्ह. 1969पासून हा अधिकृत आकडा आहे. नियमाला फाटे आहेत, पण नेहमीचा प्रकार असा : तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना या, शेवटची इनिंग टाका, सामना संपवा, सेव्ह तुमच्या नावावर. ऐकायला भारी वाटतं. आता हिशेब करा. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला तीन धावांनी पुढे असलेला संघ शंभरातले साधारण 97 सामने जिंकतोच. तिथे बरा रिलीव्हर पुरतो. एका धावेची आघाडी असेल तर तोच आकडा 85च्या आसपास येतो; तिथे चांगला माणूस हवा, मान्य. पण सातवी इनिंग, एका धावेची आघाडी, एक आउट आणि तिन्ही बेस भरलेले असतील तर? सामना खरा तिथे ठरतो. आणि त्या वेळी तुमचा सगळ्यात जबरदस्त पिचर बुलपेनमध्ये बसून असतो, का, तर त्याच्या नावापुढे तुम्ही ‘क्लोजर’ लिहिलंय.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण मला ती समजायला फार उशीर झाला. सेव्हचा रकाना भरत होता, म्हणून बुलपेन झकास चाललंय असंच मी समजत होतो. कॉम्प्युटर तुमचं मन ओळखत नाही, तुम्ही दिलेली भूमिका पाळतो. ‘क्लोजर’ म्हटलंत की तो त्याला शेवटासाठी राखणार. सर्वोत्तम माणसाला ‘स्टॉपर’ करा. म्हणजे अटीतटीच्या वेळी तो आधीही येतो. क्लोजरची खुर्ची दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या पिचरला द्या. आणि सेव्ह मोजण्यापेक्षा लेव्हरेज इंडेक्स बघा. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांनी रूढ केलेला हा आकडा, सरासरी 1. आकडा जितका मोठा तितका प्रसंग निर्णायक. तुमच्या सर्वोत्तम रिलीव्हरची सरासरी तिसऱ्या क्रमांकाच्या रिलीव्हरपेक्षा कमी दिसली, तर भूमिका चुकल्यात.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे परक्या मैदानावर नवव्या किंवा त्यापुढच्या इनिंगमध्ये बरोबरी. आघाडी मिळाली की क्लोजर आणू, असं म्हणत बसाल आणि यजमानांनी एक धाव काढली की सामना खलास. खऱ्या मॅनेजरांचंही हेच होतं. 4 ऑक्टोबर 2016, टोरँटो, वाइल्ड कार्ड सामना, म्हणजे हरला तो बाद. बाल्टिमोरचा क्लोजर झॅक ब्रिटन याने त्या मोसमात सेव्हच्या 47 पैकी 47 संधी साधल्या होत्या, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात जाणाऱ्या धावा) 0.54. अकराव्या इनिंगमध्ये 2-2 अशी बरोबरी असताना त्यांचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी चेंडू उबाल्डो हिमेनेझकडे ठेवला. टोरँटोच्या एडविन एन्कार्नासियोनने तीन धावांचा होमरन मारला आणि बाल्टिमोरचा मोसम संपला. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नाही. त्याच महिन्यात क्लीव्हलंडचे मॅनेजर टेरी फ्रँकोना आपला रिलीव्हर अँड्र्यू मिलर याला गरज पडेल तेव्हा, बॉस्टनविरुद्ध तर पाचव्या इनिंगमध्येच, आणत होते. पुढच्या मालिकेत मिलरने 7⅔ इनिंगमध्ये 14 स्ट्राइकआउट घेतले, एकही धाव दिली नाही आणि मालिकावीर ठरला. सेव्ह त्यात फक्त एक.

घाबरू नका, भूमिका बदलायला मिनिटही लागत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. स्टॉपर सापडला म्हणून त्याला रोज जुंपू नका. गेल्या काही दिवसांत कुणी किती चेंडू टाकलेत ते बघितल्याशिवाय पुढचा सामना चालू करू नका. दमलेला उत्तम पिचर ताज्या साधारण पिचरपेक्षा वाईट. ईआरए बघून माणूस काढू नका. रिलीव्हर मोसमात साठ-सत्तर इनिंग टाकतो, एक फुटका दिवस आकडा बिघडवतो. शिवाय आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले खेळाडू याच्या हातून घरी पोचले, तर त्या धावा आधीच्याच्या खात्यात जातात. हा मात्र निष्कलंक दिसतो.

रिलीव्हरवर मोठा पैसा घालणं मला तरी वेडेपणा वाटतो. रिलीव्हर घरी तयार करा. दोनच धड पिचेस (चेंडूचे प्रकार) आणि तोकडा स्टॅमिना, म्हणून स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून फसलेला पोरगा बुलपेनमध्ये टाका; छोट्या कामात त्याचं स्टफ वाढलेलं दिसेल. आणि ‘ही घ्या सिक्रेट सेटिंग, शंभर सामने जिंका’ म्हणणारे व्हिडिओवाले गुरू? त्यांच्या लीगमध्ये चालतं ते तुमच्या लीगमध्ये चालेलच असं नाही. हरलेला सामना पुन्हा लोड करून जिंकण्याबद्दल तर बोलतच नाही. कुठे हरलो तेच पुसून टाकलंत तर शिकणार काय?

एक किचकट बाब राहिली. संघातल्या 26 जणांत पिचर जास्तीत जास्त 13, आणि 2022पासून मायनर्सला (खालच्या लीगमध्ये) पाठवलेला पिचर, कुणी जखमी झालं वगैरे अपवाद सोडले तर, 15 दिवस परत आणता येत नाही. लीगमध्ये खरे नियम चालू असतील तर लाँग रिलीव्हर (एका दमात अनेक इनिंग टाकणारा) दमला म्हणून त्याला खाली पाठवण्याआधी पुढच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक बघा. सुटीचे दिवस कमी असतील तर त्याला ठेवा आणि मॉप-अपवाल्याला (निकाल लागल्यात जमा असताना येणाऱ्याला) पाठवा.