शिडाच्या जहाजावर पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

गोवा शिपयार्डने बांधलेली शिडाची प्रशिक्षण नौका 'तरंगिणी' १९९७ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली आणि २०१२ मध्ये 'सुदर्शिनी' तिच्या जोडीला आली. दोन्ही तीन डोलकाठ्यांच्या. अशा जहाजावर दोरांची संख्या शंभराच्या पुढे जाते, आणि नवी पोरं नेमका तोच अभ्यास टाळतात. त्यांना पहिल्याच दिवशी वर चढायचं असतं. मी वर्षानुवर्षं नवशिक्यांना दोर शिकवत आलो आहे. अपघात वर कमी आणि खाली डेकवर, दोर सोडताना जास्त होताना पाहिले आहेत.

वेटोळं पिनवर ठेवूनच दोर सोडणं

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. शीड वर चढवणाऱ्या दोराला हॅल्यार्ड म्हणतात. तो खाली बिलेइंग पिनला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन बांधतात आणि उरलेल्या दोराचं वेटोळं त्याच पिनवर टांगतात.

पावसाळा सरता सरता अरबी समुद्रात, रात्रीच्या पहाऱ्याला, पश्चिमेकडून काळा ढग चढला. दोन डोलकाठ्यांमधलं तिकोनी शीड, स्टेसेल, उतरवायचा हुकूम झाला. हॅल्यार्डवर एक नवा मुलगा होता, अंगाने दणकट आणि घाईचा. त्याने वेटोळं तसंच टांगलेलं ठेवून सगळे वेढे एका दमात काढले. दोर सुसाट वर पळाला. वेटोळ्याचे फेरे एकमेकांत अडकले, त्यांची गाठ झाली आणि ती वरच्या कप्पीत जाऊन रुतली. शीड धड वर नाही, धड खाली नाही. त्याच्या खालच्या कोपऱ्यातली कप्पी माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर सपासप झोडपत होती. पळता दोर हाताने धरायला गेल्यामुळे त्या मुलाच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. शेवटी सहा जणांनी खालून दोराचं शेपूट ओढून भार हलका केला आणि एक जुना खलाशी त्या वाऱ्यात वर जाऊन लोखंडी स्पाइकने गाठ सैल करून आला. शीड उतरेपर्यंत पावसाने सगळ्यांना झोडपून काढलं होतं.

माझी सवय अशी: आधी वेटोळं पिनवरून काढायचं आणि डेकवर उलटं ठेवायचं, म्हणजे पिनकडून येणारा फेरा सर्वांत वर राहतो. पाय फेऱ्यांच्या बाहेर आहेत ना, ते खाली वाकून बघायचं. मग एकेक वेढा काढायचा, शेवटचा पिनवर राखायचा आणि त्याच्या घर्षणावर दोर सरकवत सोडायचा. शेवटच्या वेढ्याला अडकवणीची गाठ तर कधीच मारू नका. ओल्या दोरात ती अशी आवळते की ऐन वेळी नखांनीही सुटत नाही.

रंगीत टेप लावून दोर ओळखणं

हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. रात्री अंधारात लाल काय आणि हिरवा काय? रोज संध्याकाळी पिनांच्या रांगेतून चाला, डोळे मिटून एका दोराला हात लावा, तो कशाचा ते मोठ्याने म्हणा, मग डोळे उघडून तो वर कुठे जातो ते नजरेने शोधा. ज्याला एवढा धीर नाही त्याला मी हॅल्यार्डजवळ उभं करत नाही.

वर चढताना आडव्या दोऱ्या धरणं

आडव्या रॅटलाइन पायांसाठी असतात. उन्हापावसाने त्या कुजतात, तुटतात. हातांनी नेहमी श्राउड, म्हणजे डोलकाठीला आधार देणारे उभे, जाड दोर धरा. वाऱ्याच्या बाजूनेच चढा, म्हणजे वारा आणि जहाजाचा कल तुम्हाला दोरांवर दाबून धरतात. यार्डाखालच्या, म्हणजे शीड बांधलेल्या आडव्या दांड्याखालच्या पायदोरावर पाऊल टाकण्याआधी ओरडून सांगा, कारण तुमच्या वजनाने तो ताणला की आधी उभा असलेला माणूस उचलला जातो. खिसे रिकामे, अंगठ्या काढलेल्या, चाकू दोरीने कमरेला बांधलेला. मोबाइल खाली.

बंदरात आहोत म्हणून गाफील राहू नका. २०१० मध्ये 'गोर्श फोक' या जर्मन नौदलाच्या जहाजावरची एक प्रशिक्षणार्थी ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात वरून पडून मरण पावली.

उकडतंय म्हणून खिडक्या उघड्या ठेवणं

१९३२ मध्ये जर्मनीचं 'नियोबे' हे प्रशिक्षण जहाज अचानक आलेल्या वावटळीत आडवं झालं. उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि काही मिनिटांत ते बुडालं. ६९ जण गेले. बंद करा म्हटलं की बंद करा, कारण नंतर विचारा.

उलट्या सुरू झाल्यावर गोळी घेणं

तोवर ती पोटात टिकत नाही. बंदर सोडण्याआधी घ्या. नंतर डेकवर, क्षितिजाकडे बघत बसा आणि कोरडी पोळी थोडी थोडी खात राहा. रिकामं पोट जास्त ढवळतं. बंकवर पडून राहणाऱ्यांचे हाल लांबतात.

पहाऱ्याला वेळेवर पोचणं

हो, वेळेवर म्हणजे उशिरा. दहा मिनिटं आधी या, डोळे अंधाराला सरावू द्या.

सुकाणूवर होकायंत्राचा पाठलाग करणं

काटा दोन अंश सरकला की नवशिका चाक गरागरा फिरवतो. जड जहाज उशिरा वळतं, मग थांबतही नाही, आणि मागे नागमोडी फेसाची रेघ राहते. चौकोनी शिडं असतील तर असं भरकटताना वारा समोरून घुसून ती उलटी फुगू शकतात. थोडंसं चाक द्या आणि थांबा. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वळू लागली की ठरलेल्या दिशेवर पोचण्याआधीच चाक परत आणा. रात्री एखादा तारा शिडाच्या कडेशी जुळवून घ्या, होकायंत्राकडे अधूनमधून बघा आणि तारा सरकला की नवा निवडा.