उपग्रहातून धूर ओळखायचा तर आधी ऊसतोडीचं वेळापत्रक शिका

बेळगाव जिल्ह्यातली निपाणी, खानापूर, चिकोडीकडची पोरं उपग्रहाच्या चित्रांवरून आग, धूर आणि धूळ ओळखण्याच्या कामाबद्दल विचारतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मी उलट विचारते, तुमच्या गावात ऊसतोड कधी संपते आणि पाचट कधी पेटवतात? ज्याला हे सांगता येतं त्याचं निम्मं शिक्षण झालेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर आगीचे ठिपके फुकट बघता येतात. सुओमी एनपीपी, नोआ-20 आणि नोआ-21 या उपग्रहांवरचा व्हीआयआयआरएस संवेदक 375 मीटरच्या चौकोनात उष्णता टिपतो. म्हणजे एक ठिपका साधारण पस्तीस एकरांचा. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर मांडलेला असतो, आग त्यात कुठंही असू शकते. रायबाग-अथणीच्या सपाटीवर फेब्रुवारीत ठिपका दिसला तर बहुधा तोडलेल्या फडातलं पाचट पेटलेलं असतं. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे किंवा भीमगड अभयारण्यालगत दिसला तर वणव्याची शंका घ्यायची, पण तिथंही शेताची भाजावळ असू शकते. उपग्रह फक्त उष्णता सांगतो. पेटलंय काय, हे तुम्हाला कळायला हवं.

वेळेकडे नीट बघा. फर्म्सची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. 0800 म्हणजे आपल्याकडे दुपारचे दीड. हे उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, दोन्ही वेळा दीडच्या सुमारास वरून जातात. शेतकरी मात्र वारा पडल्यावर, संध्याकाळी काडी लावतो आणि रात्री जेवणवेळेपर्यंत पाचट विझून जातं. त्या आगीचा ठिपका कुठंच उमटत नाही. म्हणून 'ठिपका नाही, म्हणजे आग नाही' असं अहवालात कधीही लिहू नका. मधल्या वेळेसाठी आपल्या इन्सॅट-3डीआर, 3डीएस या उपग्रहांची चित्रं इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळावर मिळतात. ती वारंवार येतात, पण त्यांचा उष्णतेचा चौकोन चार किलोमीटरचा, त्यामुळे एखाद्या फडाची आग त्यात हरवते.

आता धूर आणि धूळ. नासाच्याच वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर खऱ्या रंगातलं चित्र लावा. धूर निळसर-राखाडी असतो, आगीपाशी टोकदार सुरू होऊन वाऱ्याच्या दिशेनं फाकत जातो. धूळ पिवळट-मातकट असते, तिचं उगमस्थान एका ठिपक्यावर दाखवता येत नाही. सरावाला जानेवारी 2022 चं चित्र घ्या. पाकिस्तानकडून आलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबईपर्यंत पोचली होती. गडद पाण्यावर ती लगेच कळते, पण जमिनीवर आल्यावर उन्हाळी माळाच्या रंगात मिसळून जाते. तिथं डोळ्यांवर विसंबायचं नाही. उपग्रहानं 11 मायक्रॉन तरंगलांबीवर मोजलेल्या तापमानातून 12 मायक्रॉनवरचं वजा करा : धुळीत वजाबाकी सहसा उणे निघते, बर्फकणांच्या पातळ ढगात अधिक. धुराचे कण बारीक, त्यामुळे लघु-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यात धुराखालची जमीन स्पष्ट दिसते. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा 12 क्रमांकाचा पट्टा यासाठी उत्तम. हे पहिल्यांदा पडद्यावर उमटताना बघाल, तेव्हा या विषयाची गोडी लागेल.

आणखी एक, आणि हे मनापासून सांगते. एरोसोलची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांची जाडी (एओडी) ही जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेची बेरीज आहे. ती वाढली म्हणून गावातल्या लोकांच्या नाकात तेवढीच धूळ गेली, असं होत नाही. जमिनीवरच्या पीएम 2.5 च्या, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या अतिबारीक कणांच्या नोंदीशी ताडल्याशिवाय आरोग्याबद्दल काही बोलू नका, लोक घाबरतात.

सॉफ्टवेअरचं उत्तर सोपं : नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि प्रोग्रॅमिंगसाठी पायथन. देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या दूरसंवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करा. कामाच्या दृष्टीनं हैदराबादची एनआरएससी (राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र), बंगळूरची केएसआरएसएसी आणि नागपूरची एमआरएसएसी (कर्नाटक आणि महाराष्ट्राची दूरसंवेदन केंद्रं), पुण्याची आयआयटीएम (हवामानशास्त्र संस्था) ही नावं लक्षात ठेवा. कन्नड वाचता-बोलता येत असेल तर ते अर्जात ठळक लिहा. आपल्याकडची वनखात्याची कागदपत्रं आणि सातबाराच्या जागी चालणारी पहाणीपत्रं कन्नडात असतात, आणि शेतात उभं राहून विचारपूस मराठीत करावी लागते. दोन्ही जमणारी माणसं कमी आहेत.

येत्या हंगामात मार्चमधले दहा-बारा ठिपके निवडा आणि फोनचं जीपीएस घेऊन प्रत्येक जागी जा. राख कशाची आहे ते बघा, शेतमालकाला काडी किती वाजता लावली ते विचारा, फोटोसह तक्ता करा. मुलाखतीला जाताना तो तक्ता बरोबर न्या.