मेलबर्नमध्ये गॅसच्या गीझरऐवजी हीट पंप बसवताना

हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता खेचून टाकीतलं पाणी तापवणारं विजेवरचं यंत्र. जुन्या गीझरची टाकी फुटायची वाट पाहू नका. गरम पाण्याविना घाई झाली की मिळेल ते मॉडेल गळ्यात पडतं. मॉडेल क्लीन एनर्जी रेग्युलेटर या केंद्र सरकारी संस्थेच्या यादीत असेल तरच एसटीसीची (केंद्राच्या ऊर्जा-प्रमाणपत्रांची) सूट मिळते. व्हिक्टोरिया राज्याच्या ऊर्जाबचत योजनेची, म्हणजे व्हीईयूची, सूट वेगळी. दोन्ही बहुधा बिलातूनच वजा होतात, म्हणून सूट वजा करण्याआधीची किंमतही लेखी मागा. चौघांना २५० ते ३०० लिटर टाकी पुरते.

जागा मात्र नीट निवडा. शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली नको, कॉम्प्रेसरची घरघर रात्री टोचते. बाजूच्या नळीतून थेंब पडतात ते हवेतल्या बाष्पाचे. ती नळी ड्रेनमध्येच सोडून घ्या, नाहीतर भिंतीशी ओल धरते. छतावर सोलर असेल तर टायमर १० ते ३ ठेवा. बचतीसाठी टाकीचं तापमान ६० अंशांखाली उतरवू नका, फुफ्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात.