डिस्क भरली? पॅकेजं साफ करताना या चुका टाळा

'डिस्कवर जागा नाही' असा संदेश दिसला की फोल्डर उघडून फायली उडवायचा मोह होतो. खरं नुकसान तिथेच होतं. पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारा-काढणारा प्रोग्राम, स्वतः बसवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद ठेवतो. तुम्ही परस्पर फाइल काढलीत तर फाइल जाते, नोंद मात्र राहते. उबुंटू-डेबियन या लिनक्स सिस्टिमवर बूटचं पार्टिशन भरलं की लोक जुन्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) फायली 'आरएम' या फाइल पुसायच्या कमांडने काढतात. ॲप्टच्या, म्हणजे तिथल्या पॅकेज मॅनेजरच्या, लेखी ते कर्नल अजून बसवलेलेच असतात आणि पुढचं अपडेट त्यांच्यापाशी अडखळू शकतं. जुने कर्नल 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह'नेच काढा.

पण तीही कमांड डोळे मिटून चालवू नका. दुसऱ्या पॅकेजसाठी म्हणून आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं ती काढते. तुम्ही एखादं मेटापॅकेज (बरीच पॅकेजं एकत्र आणणारं पॅकेज) काढलं असेल, तर त्याच्यासोबत आलेली, तुमच्या रोजच्या वापरातली पॅकेजंही त्या यादीत येऊ शकतात. यादी पूर्ण वाचा, मगच होकार द्या. हवं असलेलं पॅकेज 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल'ने राखून ठेवा.

सिस्टिमच्या 'व्हार' फोल्डरमधले 'कॅश' आणि 'लिब' यांत गल्लत करू नका, हे मी कळकळीने सांगतो. कॅशमधली पॅकेजं पुन्हा डाउनलोड होतात, ती 'ॲप्ट क्लीन'ने खुशाल काढा. 'लिब'मधला डीपीकेजीचा (ॲप्ट ज्याच्याकरवी पॅकेजं बसवतो त्या प्रोग्रामचा) फोल्डर म्हणजे नोंदवही. तो गेला तर काय बसवलंय हे सिस्टिमलाच कळत नाही.

आर्च लिनक्सवर पॅकमन हा पॅकेज मॅनेजर डाउनलोड केलेली जुनी पॅकेजं आपणहून काढत नाही, त्यामुळे कॅश फुगत जाते. म्हणून सगळी पुसणंही चूकच: नवं अपडेट बिघडलं तर मागे जायला हाताशी काही उरत नाही. 'पॅककॅश' प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या 3 आवृत्त्या ठेवून बाकीच्या काढतं, ते वापरा. मॅकवर होमब्रू या पॅकेज मॅनेजरचं 'क्लीनअप' आधी ड्राय-रनमध्ये (काहीही न काढता केलेल्या चाचणीत) चालवून काय जाणार ते बघा.

डॉकरची इमेज (ॲप आणि त्याला लागणाऱ्या फायलींचा तयार संच) बनवताना पॅकेजं एका 'रन' सूचनेत बसवून पुढच्या 'रन'मध्ये कॅश पुसली, तर इमेज लहान होत नाही. प्रत्येक 'रन'चा वेगळा लेयर (थर) बनतो आणि आधीच्या लेयरमध्ये त्या फायली तशाच राहतात. दोन्ही कामं एकाच 'रन'मध्ये करा.

कोंडा या पॅकेज मॅनेजरचा पॅकेज-फोल्डर मोठा दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फायली एन्व्हायर्नमेंटशी (एकेका कामासाठी बनवलेल्या पॅकेजांच्या वेगळ्या संचाशी) हार्डलिंकने जोडलेल्या असतात, म्हणजे डिस्कवरची एकच फाइल दोन्हीकडे दिसते. तो साफ करूनही अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटते, ती त्यामुळे. वापरात नसलेली एन्व्हायर्नमेंट काढलीत तर खरा फरक पडतो.

आणि 'डीएफ' ही मोकळी जागा सांगणारी कमांड भरपूर जागा दाखवत असूनही 'जागा नाही' हाच संदेश येत असेल, तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या, मोजक्याच असलेल्या नोंदी) संपलेत का ते पाहा. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरच्या नोड-मॉड्यूल्स फोल्डरमधल्या असंख्य बारीक फायली ते खाऊन टाकतात. बंद पडलेल्या प्रोजेक्टांतले असे फोल्डर खुशाल काढा. लागलेच तर 'एनपीएम इन्स्टॉल'ने परत येतात.