पहिल्या एटीकेटीनंतर होणाऱ्या चुका : या टाळा

तालुक्याच्या गावातून पुण्यात बी.एस्सी.ला आलो तेव्हा बारावीच्या गुणांचा मला मोठा आधार वाटत होता, पण पहिल्याच सत्रात गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन विषय राहिले, म्हणजे एटीकेटी लागली (राहिलेले विषय पुन्हा देण्याच्या अटीवर पुढच्या सत्रात जाण्याची मुभा), आणि तो आधार एका संध्याकाळीत नाहीसा झाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत मी ज्या चुका केल्या, त्याच आज प्रथम वर्षाला शिकवताना मला दर वर्षी काही मुलामुलींकडून होताना दिसतात. नापास होण्याने जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान या चुकांमुळे होते, असे माझे ठाम मत आहे.

उत्तरपत्रिका न पाहता अभ्यासाचे तास वाढवणे

ही सर्वांत मोठी चूक. गुणपत्रिकेवरचा आकडा आपण किती कमी पडलो एवढेच सांगतो. कुठे कमी पडलो, हे कळायला उत्तरपत्रिकाच पाहावी लागते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. निकालानंतर ठरावीक मुदतीत अर्ज केला की छायाप्रत मिळते. बहुतेक मुले हा अर्ज केवळ पुनर्मूल्यांकनात गुण वाढतील या आशेने करतात आणि ती आशा नसली की करतच नाहीत. गुण वाढणार नसले तरीही ती प्रत मागवावी.

प्रत हाती आली की गेलेल्या प्रत्येक गुणाचे कारण समासात लिहावे. विषय समजलाच नव्हता, समजला होता पण इंग्रजीत मांडता आला नाही, की वेळ पुरला नाही? या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. माझ्या भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत गणिते जवळजवळ सगळी बरोबर होती आणि ‘स्पष्ट करा’ प्रकारचे प्रश्न कोरे होते, म्हणजे माझी अडचण भौतिकशास्त्राची नव्हती, भाषेची होती. हे कळण्याआधी दोन महिने मी रात्री जागून तीच गणिते पुन्हा पुन्हा सोडवत होतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. वर्गात ‘मोमेंटम’ हा शब्द ऐकून गोंधळणाऱ्या मुलाला संवेग शाळेपासून माहीत असतो; ‘इनर्शिया’ म्हणजे आपण शिकलेले जडत्वच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा जोड्यांची स्वतःची वही करावी, तासाआधी तो घटक मराठीतून वाचून जावे आणि रोज एक उत्तर, अर्धे पान का होईना, इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहून आठवड्यातून एकदा शिक्षकांना दाखवावे. व्याकरण चुकले तरी चालेल. स्टाफरूमच्या दारात उभे राहायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे, कारण मीही त्या दारावरून कितीदा तसाच परत आलो होतो.

घरी न सांगणे

मी घरी ‘निकाल राखून ठेवला आहे’ असे सांगितले. ते निभावण्यासाठी चैत्रातल्या जत्रेला गावी गेलो नाही आणि राहिलेल्या विषयांच्या परीक्षा शुल्कासाठी पैसे मागता येईनात, म्हणून अर्जाची मुदतही हुकली. त्या एका वाक्यापायी दोन विषयांची अडचण वर्षभराची झाली. अनेक पालकांना एटीकेटी म्हणजे काय हेच ठाऊक नसते. त्यांच्या मनात नापास म्हणजे वर्ष बुडाले एवढेच असते. म्हणून सांगताना पूर्ण सांगावे : ‘अण्णा, दोन विषय राहिलेत. पुढचे सत्र मला करता येते, ते दोन विषय पुन्हा देता येतात, आणि त्यासाठी मी सरांकडे जातोय.’ अण्णा रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत, पण अर्ज वेळेत भरला जाईल.

शरमेने तास बुडवणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. अनेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट असते आणि ती पूर्ण झाली नाही, तर परीक्षेला बसण्याचीच अडचण होते.

पैशांची चणचण असेल, तर रात्रपाळीची नोकरी धरण्याआधी महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करावी आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी मुदतीत भरावा.

निकालाच्या आठवड्यातच शिक्षण सोडणे

शाखा बदलण्यात किंवा थांबण्यात कमीपणा नाही. कधीकधी तेच योग्य असते. मात्र तो निर्णय छायाप्रत पाहून, एखाद्या शिक्षकाशी आणि घरच्यांशी बोलून, शक्य तर पुढच्या सत्राची परीक्षा देऊन मग घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार उत्तीर्ण विषयांचे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात, त्यामुळे थांबावे लागले तरी परतीची वाट बंद होत नाही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर उत्तरपत्रिका, अर्ज, मुदती हे सगळे बाजूला ठेवावे आणि त्याच दिवशी खोलीतल्या मित्राला सांगावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.