लोहाची गोळी चहाबरोबर नको
इंदूरच्या आपल्या घरांत सकाळी पोहे, जिलेबी आणि चहा ठरलेला. लोहाची गोळीही अनेकजणी त्याच चहाबरोबर घेतात, आणि तिथेच तिचा गुण जातो. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. दोन्हींत निदान दोन तास जाऊ द्या. गोळी शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, पण मनाने बंद करू नका. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. थायरॉइडची असेल तर चार तासांचं अंतर हवंच. शौचाला काळपट होणं नेहमीचं, मात्र डांबरासारखं चिकट झालं तर लगेच डॉक्टर गाठा. आणि कळकळीने सांगते, डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.